जुनं गाणं, नवी साथ : ऐकावं कसं, नोंदवावं कसं

चैत्र पौर्णिमा जवळ आली की वारणा खोऱ्यातल्या गावागावांतून जोतिबाच्या डोंगराकडे सासनकाठ्या निघतात आणि त्यांच्या मागेपुढे स्पीकर बांधलेल्या गाड्या असतात. त्या स्पीकरवर वाजणारी पुष्कळशी गाणी जुनीच असतात, साथ मात्र नवी. खाली कीबोर्ड, वर गिटार, मध्येच कुठेतरी संबळ. कोडोलीसारख्या गावात पोरं त्यावर नाचतात आणि सोप्यात बसलेली आजी म्हणते, "हे आमचंच की रं! पर फुडची कडवी कुठं गेली?" हा लेख त्या पुढच्या कडव्यांसाठी आहे. नव्या रेकॉर्डिंगवरून जुन्या गाण्यापर्यंत कसं पोचायचं आणि आपल्या घरातलं, आपल्या गल्लीतलं गाणं जुन्या गळ्यांनी व नव्या हातांनी मिळून कसं नोंदवायचं, एवढंच इथे सांगायचं आहे.

जुन्या गाण्याला नवी साथ दिली की ते बिघडतं, असं मानणारे जाणकार आपल्याकडे बरेच आहेत. मला ते पटत नाही. व्ही. शांताराम यांच्या १९५१ सालच्या 'अमर भूपाळी'त वसंत देसाईंनी होनाजी बाळाला चित्रपटाचा वाद्यवृंद दिला आणि पेशवाईच्या अखेरचा हा शाहीर घरोघरी पोचला. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज आधी रेकॉर्ड आणि कॅसेटवरून गावोगाव गेला, मग आनंद आणि मिलिंद ही मुलं आणि पुढे नातू आदर्श यांच्या गळ्यातून नव्या साथीसह ऐकू येत राहिला. २०२३ च्या एप्रिलमध्ये आलेल्या शाहीर साबळे यांच्यावरच्या 'महाराष्ट्र शाहीर' या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी संगीत केलं, तेव्हा साबळे हे नाव ज्यांनी फक्त आजोबांच्या तोंडून ऐकलं होतं त्या मुलांनी त्यांची मूळ ध्वनिमुद्रणं शोधायला सुरुवात केली. जुन्या गाण्याकडे जाणारी सर्वांत सोपी वाट नव्या रेकॉर्डिंगमधूनच जाते. प्रश्न फक्त त्या वाटेवर थांबायचं की पुढे चालायचं, हा आहे.

पुढे चालायचं तर पहिली गोष्ट ओळखायची ती ही, की समोर आलेलं गाणं नेमकं कोणत्या जातीचं आहे. मोबाइलवर सगळ्यालाच 'पारंपरिक' किंवा 'लोकगीत' अशी चिठ्ठी लावलेली असते आणि गोंधळ तिथेच होतो. काही गाण्यांत शब्द आणि चाल दोन्ही जुने असतात, साथ तेवढी बदललेली असते. काहींत चाल जुनी पण शब्द नवे घातलेले असतात. जत्रेच्या गाण्यांत हे फार चालतं. आणि काही गाणी मुळातच नवी असतात, धाटणी तेवढी जुनी. शांता शेळके यांनी लिहिलेली, हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केलेली आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांनी गायलेली कोळीगीतं या तिसऱ्या जातीची. 'पिंजरा'तल्या (१९७२) लावण्या आपल्या कोल्हापूरच्याच जगदीश खेबुडकरांच्या लेखणीतल्या, संगीत राम कदम यांचं. कागलच्या आनंद यादवांच्या कादंबरीवर बेतलेल्या 'नटरंग'मधल्या (२०१०) लावण्या गुरू ठाकूर यांच्या, संगीत अजय-अतुल यांचं. तमाशाच्या फडातून आपोआप उगवलेलं यातलं काहीही नाही. ज्या माणसाने रात्र जागून एखादा शब्द बसवला, त्याचं नाव पुसून 'पारंपरिक' लिहिणं हा मी अन्याय मानतो. म्हणून गाणं आवडलं की आधी नावं शोधा : कवी कोण, चाल कोणाची, पहिल्यांदा गायलं कोणी, साल कोणतं. 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर हजारो मराठी गाण्यांची अशी माहिती नीट लावून ठेवलेली आहे. चित्रपटांच्या जुन्या रेकॉर्डचा मोठा साठा सारेगामाकडे, म्हणजे पूर्वीच्या एचएमव्हीकडे आहे आणि त्यातला पुष्कळ भाग अधिकृतपणे ऐकायला मिळतो. ७८ आरपीएमच्या तव्यांबद्दल जाणून घ्यायचं असेल, तर १९९० मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संग्राहकांच्या संस्थेने या विषयावर खूप लिहून, जमवून ठेवलं आहे.

नावं मिळाली की नवं आणि जुनं लागोपाठ ऐका. एकदा नवं, लगेच जुनं, मग पुन्हा नवं. घाईत एवढं केलं तरी कान उघडतात. पोवाडा असेल तर झीलकऱ्यांकडे लक्ष द्या. शाहिराने ओळ फेकली की मागचे दोघे-तिघे ती उचलतात, तिथे श्वासाची देवघेव असते. आमच्या कोल्हापूरचे शाहीर लहरी हैदर आणि पिराजीराव सरनाईक यांची परंपरा ज्यांनी प्रत्यक्ष ऐकली आहे, त्यांना विचारा. पोवाड्याचा अर्धा जोर झिलीत असतो, असं ते सांगतील. नव्या रेकॉर्डिंगमध्ये बहुधा एकाच गायकाचा आवाज चार वेळा चढवून झील तयार केलेली असते. ती नेटकी वाटते, पण तिच्यात माणसं नसतात. लावणी असेल तर ढोलकीचा ठेका शब्दाच्या आधी येतो की शब्दामागून, ते पाहा. बैठकीच्या लावणीत गाणारी एकच ओळ फिरवून फिरवून वेगळ्या अर्थाने मांडते. वाईच्या यमुनाबाईंनी (२०१२ ची पद्मश्री) हे काम आयुष्यभर केलं. भूषण कोरगावकर यांचं 'संगीत बारी' हे पुस्तक आणि सावित्री मेधातुल यांच्यासोबत त्यांनी उभा केलेला त्याच नावाचा रंगमंचीय प्रयोग, यांत बारीतल्या कलावंत स्त्रिया आणि शहरातले अभ्यासक एकत्र आले. जोडीने काम करताना जुन्या कलावंताला मध्यभागी कसं बसवायचं, हे त्यातून शिकण्यासारखं आहे.

इथे एक गोष्ट विसरली जाते. जुनी रेकॉर्ड म्हणजे जुनं गाणं जसंच्या तसं, असं नाही. दहा इंची तव्याच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. रात्रभर चालणाऱ्या फडात किंवा पहाटेपर्यंतच्या भजनात जे गाणं पाऊण तास रंगायचं, ते कलावंताने तेवढ्यात कोंबलं. कडवी गेली, शेर गेले, मधला सवाल-जवाब गेला. आजी ज्या 'फुडच्या' कडव्यांबद्दल विचारते, ती कित्येकदा नव्या मंडळींनी गाळलेली नसून तव्यानेच गाळलेली असतात आणि फक्त तिच्या डोक्यात शिल्लक असतात. आज लांबीची अडचण उरलेली नाही. त्यामुळे नव्या-जुन्यांनी मिळून केलेलं रेकॉर्डिंग मूळ रेकॉर्डपेक्षाही मूळ गाण्याच्या जवळ जाऊ शकतं, आणि हे काम मुंबईच्या स्टुडिओपेक्षा गावात चांगलं होतं.

अमेरिकेतल्या कंट्री संगीतात याचं फार चांगलं उदाहरण आहे. तिकडच्या डोंगराळ खेड्यांतली गाणी १९२७ च्या उन्हाळ्यात ब्रिस्टल या गावी तव्यावर उतरली. त्यात कार्टर कुटुंब होतं. पुढे चार दशकांनी ही मंडळी तरुणांच्या कानांतून जवळजवळ गेली होती. १९७१ मध्ये निटी ग्रिटी डर्ट बँड या लांब केस वाढवलेल्या पोरांच्या गटाने नॅशव्हिलमध्ये मेबेल कार्टर, रॉय एकफ, डॉक वॉटसन, अर्ल स्क्रग्ज अशा थोरल्यांना एकत्र बसवलं आणि पुढच्या वर्षी तीन तव्यांचा 'विल द सर्कल बी अनब्रोकन' हा संच आला. यातल्या दोन गोष्टी आपण जरूर उचलाव्यात. गाणी तुकड्या-तुकड्यांनी न चढवता सगळ्यांनी एकत्र बसून वाजवली. आणि गाण्यांच्या मधल्या गप्पा, सूर लावताना झालेलं बोलणं, पुसून न टाकता तव्यावर ठेवलं. म्हाताऱ्या वादकाने तरुणाला 'असं धर' म्हणून सांगितलेलं आज ऐकू येतं, ते त्यामुळे.

आता आपल्या दारात या. वारणा खोऱ्यात गाणारी माणसं शोधायला फार लांब जावं लागत नाही. नदी ओलांडली की वाळवा तालुका लागतो; रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव तिथले, वाटेगावचे अण्णा भाऊ साठे तिथलेच. वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांनी खेड्यातल्या मुलांचा बालवाद्यवृंद उभा केला. त्या वाद्यवृंदामुळे या भागात सूर-तालाचं शिक्षण घेतलेली माणसं घरोघरी सापडतात. कोडोलीत अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं जुनं ठाणं होतं. इथल्या ख्रिस्ती घरांत ना. वा. टिळकांची (१८६१-१९१९) अभंग-ओवीच्या वळणाची भजनं पिढ्यान्‌पिढ्या टाळ-पेटीवर म्हटली गेली आहेत. विठ्ठलाच्या भजनी मंडळाचा पखवाजवाला आणि चर्चमधला पेटीवाला एकाच आळीत राहतात, पण एकत्र रेकॉर्डिंगला कधी बसलेले नसतात. त्यांना बसवा. शेजारच्या हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीला (ती कोडोली वेगळी) विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत ढोल-कैताळाच्या गजरात धनगरी ओव्या होतात. जर्मनीहून आलेले अभ्यासक गुंथर सोंथायमर (१९३४-१९९२) यांनी धनगरांच्या बिरोबा, म्हसकोबा, खंडोबाच्या मौखिक परंपरेवर आयुष्य घालवलं. एवढ्या दुरून माणूस आला, तर आपल्याला शेजारच्या गावाला जायला हरकत नसावी.

पण सुरुवात घरातून करा, आणि ओवीपासून करा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. १,१०७ गावं, ३,३०२ गायिका आणि एक लाखाहून अधिक ओव्या. २०१७ पासून 'परी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियावर त्या गायिकांच्या नावागावासह, कितीतरी ध्वनिमुद्रणांसह प्रसिद्ध होत आहेत. हा साठा कामाला लावायची एक सोपी रीत आहे. त्यातली एखादी ओवी आईला, आत्तीला, शेजारच्या आजीला ऐकवा आणि गप्प बसा. 'तुम्हाला ओव्या येतात का?' असं थेट विचारलं की उत्तर हमखास 'आता कुठलं आठवतंय' असं येतं. दुसऱ्या बाईची ओवी कानावर पडली की मात्र, 'आमच्यात हे असं म्हणत न्हाईत, असं म्हणतात' म्हणून तोंड उघडतं. नवं गाणं ऐकवलं तरी हेच होतं. चुकलेलं सुधारायची ओढ आठवणीपेक्षा जोरदार असते, तिचा उपयोग करून घ्या.

रेकॉर्डिंगची वेळ सांभाळून निवडा. कारखान्याचा गळीत हंगाम चालू असेल तर उसाच्या ट्रॅक्टरांच्या आवाजापुढे काहीही टिकत नाही. उन्हाळ्यातली दुपार बरी, पण पंखा बंद ठेवायला लागतो. थंडीत पहाट उत्तम, आणि ओवीची वेळही तीच. स्लॅबच्या, फरशीच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. कपड्यांनी, गाद्यांनी भरलेली खोली घ्या, भिंतीला दोन वाकळा टांगा. फोन विमान मोडवर टाका. तो हातात धरू नका, घडी घातलेल्या वाकळेवर तोंडापासून हातभर अंतरावर, थोडा बाजूला ठेवा, म्हणजे श्वासाची फुंकर माइकवर बसत नाही. बहुतेक फोनांचा मुख्य माइक खालच्या कडेला असतो, ती कड गाणाऱ्याकडे करा. रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये 'वेव्ह' हा प्रकार आणि ४८ किलोहर्ट्झ निवडा. एका चॅनेलला तासाला साधारण साडेतीनशे एमबी जागा लागते, ती आधी मोकळी करा. शे-पाचशे रुपयांचा कॉलरचा माइक असला तरी चालेल, पण चांगल्या फोनचा साधा माइक शांत खोलीत त्याहून बरा वाजतो. सुरुवातीला अर्धं मिनिट कोणीही न बोलता खोलीचा नुसता आवाज घ्या; पुढे खरखर काढताना तो फार कामाला येतो. जातं असेल तर त्याची घरघर वेगळी नोंदवा. गाताना जातं जोरात फिरवलं तर शब्द बुडतात. मात्र काही बायकांना हाताला खुंटा असल्याशिवाय ओवी सुचतच नाही. अशा वेळी जातं रिकामं, सावकाश फिरवू द्या आणि शब्दांची एक फेरी नंतर नुसती म्हणून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिली फेरी गळ्याची एकट्याची. तंबोरा नको, पेटी नको, ठेका नको. 'आजी, तुमच्या मनाला येईल तसं म्हणा,' एवढंच सांगायचं आणि थांबवायचं नाही. ती मध्ये विसरली, हसली, नातवाला ओरडली, तरी फोन चालू राहू द्या. कोणती ओळ कोणाकडून शिकली, लग्नात म्हणायची की पेरणीला, माहेरची की सासरची, हे सगळं या मधल्या बोलण्यातच येतं. ही मूळ फाइल पवित्र समजा. तिच्यावर कधीही काम करू नका, काम करायचं ते तिच्या प्रतीवर.

दुसऱ्या बैठकीला वादक बोलवा. आणि आधी स्वर ठरवा तो गाणाऱ्याचा. स्टुडिओत उलट होतं : ट्रॅक आधीच काळी एकमध्ये तयार असतो आणि सत्तरीच्या बाईला त्यात गायला लावतात, मग तिचा आवाज वरच्या ओळीला फाटतो आणि सगळे म्हणतात, 'आता गळा राहिला नाही.' गळा असतो, पट्टी चुकलेली असते. पहिल्या फेरीची फाइल लावून पेटीवर तिचा सा शोधा. तो दोन पट्ट्यांच्या मध्ये पडला तर कीबोर्डला बारीक ट्यूनिंगची सोय असते, ती वापरा; तुणतुणं आणि एकतारी तर कुठेही लावता येतात. पेटीचं मात्र असं होत नाही, म्हणून ओवीला, धनगरी गाण्याला पेटी न घेतलेलीच बरी. 'ऑटोट्यून' नावाचं जे सूर ओढून सरळ करणारं यंत्र आहे ते बंद ठेवा. ओवीतला सूर दोन स्वरांच्या मध्ये जिथे थांबतो तिथेच तिची ओळख आहे. तो सरळ केला की ओवी कोणाचीही होते.

लयीचंही तसंच. संगणकावर काम करणारी मुलं आधी टिक-टिक लावतात आणि त्यावर गायला सांगतात. पोवाड्याला, जोगव्याला एकवेळ ते चालेल, ओवीला नाही. ओळीच्या शेवटी ती जेवढा श्वास घेईल तेवढं थांबणं हीच तिची मात्रा. ढोलकीवाल्याला, हलगीवाल्याला गाणाऱ्याच्या समोर बसवा, तोंड दिसेल असं. हलगी चामड्याची असेल तर आधी शेकून घ्या. बैठक लांबली तर ती पुन्हा उतरते, म्हणून जाळ करायची जागा अंगणात आधीच बघून ठेवा. फायबरच्या पानाची हलगी कधी उतरत नाही, पण कानाला कडक लागते. जुन्या आवाजाशेजारी ती फार टोचते. वाद्यांचा फोन वेगळा ठेवा, गाणाऱ्याचा वेगळा, आणि सुरुवातीला एकदा टाळी वाजवा म्हणजे दोन्ही फाइली नंतर जुळवता येतात. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्या कामाला पुरतं. आवाज सारखे करा, सुरुवात-शेवट कापा. त्यापलीकडे पहिल्या वेळी काही करू नका; प्रतिध्वनी घालायचा मोह तर टाळाच.

घरात जुन्या कॅसेट असतील तर त्या या कामातल्या सोबती आहेत. आकाशवाणीच्या सांगली केंद्राने १९६३ पासून आपल्या भागातल्या भजनी मंडळांना, शाहिरांना माइक दिला आणि कित्येक घरांत त्या कार्यक्रमांच्या रेडिओवरून उतरवून घेतलेल्या कॅसेट पडून आहेत. वाजवण्याआधी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा, म्हणजे चिकटलेली फीत सुटते. पांढरी बुरशी दिसली तर वाजवू नका, जाणकाराकडे द्या. टेपचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पण तेच अल्कोहोल ७८ आरपीएमच्या जुन्या तव्याला चुकूनही लावू नका. ते तवे लाखेचे असतात आणि लाख अल्कोहोलात विरघळते. एलपीची बारीक सुई त्या तव्याच्या रुंद खाचेत घालू नका, त्याला जाड सुई वेगळी मिळते. आजोबांचा आवाज असा कॅसेटवरून उतरवून घेतला आणि त्याच कडव्याला नातीने उत्तर दिलं, तर पंचवीस-तीस वर्षांच्या अंतराने दोघं एका गाण्यात येतात. अशा जोडकामात आजोबांच्या आवाजाची खरखर थोडी राहू द्यावी, असं माझं मत आहे. ती पूर्ण काढायला गेलं की शब्दातले स, श, ष तिच्याबरोबर जातात.

आता हक्कांचं. इथे बरीच मंडळी निष्कारण घाबरतात आणि बरीच निष्कारण बेफिकीर असतात. भारतात कवी आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या निधनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. पठ्ठे बापूराव १९४५ साली गेले, म्हणजे त्यांच्या लावण्या आज सर्वांच्या आहेत. अण्णा भाऊ १९६९ ला गेले, त्यांच्या रचनांवर २०२९ अखेरपर्यंत हक्क आहे. वामनदादा कर्डक २००४ ला गेले, तिथे २०६४. खेबुडकर २०११ ला, म्हणजे २०७१. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, तो प्रसिद्धीनंतर ६० वर्षांचा. आणि एक सापळा नीट ओळखा : तुकोबांचा अभंग सर्वांचा असला तरी श्रीनिवास खळ्यांनी त्याला दिलेली चाल खळ्यांचीच. भजनी मंडळात पूर्वापार चालत आलेली चाल घ्या, अडचणच नको. हक्कातलं गाणं नव्याने गाऊन विकायचं असेल तर मूळ रेकॉर्डिंगला पाच वर्षं होऊन गेलेली असावी लागतात, हक्कदारांना आगाऊ सूचना आणि रॉयल्टी द्यावी लागते आणि हे नव्याने गायलेलं आहे असं वेष्टनावर छापावं लागतं. घरगुती आणि गावपातळीच्या कामाला हा सगळा खटाटोप परवडत नाही. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं परंपरेतल्याच गाण्यांवर राहा. तिथेच सर्वांत जास्त काम बाकी आहे.

परंपरेतल्या गाण्याला कवी सापडत नसला, तरी गाणाऱ्याला कायद्याने हक्क असतो, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. सादर करणाऱ्या कलाकाराचा हक्क ५० वर्षांचा आहे आणि आपलं नाव लावलं जावं, असं मागण्याचा अधिकारही त्याला आहे. म्हणून रेकॉर्डिंग सुरू करताना परवानगी आवाजातच घ्या. 'आजी, हे आम्ही लोकांना ऐकवलं तर चालेल का? पैसे मिळाले तर तुमचा वाटा तुम्हाला.' आजी 'चालंल की' म्हणेल, ते फाइलमध्ये राहू द्या. काही गाणी बाहेर द्यायची नसतात, रडगाणी असतात, सासरच्या माणसांची नावं असतात. त्यांना 'नको' म्हणण्याची मोकळीक द्या आणि तो शब्द पाळा. वादकांना त्या दिवशीचं मानधन हातात ठेवा, मित्र असले तरी. ज्येष्ठ कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे, पण अर्ज करताना आपल्या कलेचे पुरावे जोडावे लागतात आणि आयुष्यभर फडात किंवा देवळात गायलेल्या माणसाकडे नेमके तेच नसतात. तुमच्या रेकॉर्डिंगची तारीख-स्थळासह नीट नोंद असेल, तर ती त्यांच्या कागदांत एक कागद वाढवते.

नावं लावण्याची एक जुनी रीत मला फार आवडते. १९०२ मध्ये कलकत्त्याला फ्रेड गैसबर्ग याने आपल्याकडची पहिली ध्वनिमुद्रणं केली तेव्हा तवे जर्मनीत हॅनोवरला छापले जात. तिथल्या कामगारांना गाणं कोणाचं ते कळावं म्हणून गौहरजान आणि इतर कलावंत गाणं संपताच स्वतःचं नाव सांगत. ते आजही त्या तव्यांच्या शेवटी ऐकू येतं. तुमच्या गायिकेलाही शेवटी नाव, माहेर, सासर आणि गाणं कोणाकडून शिकली ते सांगायला लावा. फायलीचं नाव कोणी बदलेल, सोबतची वही हरवेल, पण आवाजात असलेलं नाव फाइलबरोबरच फिरतं. तरी वही ठेवाच : तारीख, गाव, गायिका, साथीदार, गाण्याचा प्रकार, प्रसंग, शब्द जसे म्हटले तसे. 'हाय' म्हटलं असेल तर 'आहे' लिहू नका. कोल्हापुरी बोली पुस्तकी केली की यमक मोडतं, आणि ते गाणं कुठल्या मातीतलं हेही कळेनासं होतं.

तयार झालेलं काम व्हॉट्सॲपवर आवाज म्हणून पाठवलं तर ते दाबलं जाऊन पातळ होतं; 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. लोकांपुढे ठेवताना जोडकामाबरोबर एकट्या गळ्याची मूळ फेरीही लागोपाठ ठेवा, म्हणजे आवडलेल्या माणसाला जुन्यापर्यंत जायला पुन्हा शोधाशोध करावी लागणार नाही. मूळ वेव्ह फाइलच्या तीन प्रती करा. एक तुमच्याकडे, एक गावाच्या वाचनालयात किंवा शाळेत हार्डडिस्कवर, आणि एक पेनड्राइव्हमध्ये घालून गायिकेच्या घरी. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं कपाटात पडला तर दगा देतो, म्हणून वर्षातून एकदा सगळ्या प्रती उघडून ऐका आणि नव्या साधनावर उतरवा. चैत्रातल्या यात्रेची तारीख लक्षात राहायला सोपी आहे. त्या आठवड्यात हे काम उरका आणि उघडून पाहताना गायिकेलाही ऐकवा. वर्षभरात तिला आणखी दोन कडवी आठवलेली असतात, तेव्हा फोन चार्ज करून न्या.